दुपारी दीडचा धूर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही विद्या शिकायला लॅपटॉप लागतो, बऱ्यापैकी इंटरनेट लागतं, आणि आपण कधीही न पाहिलेल्या गावातल्या कधीही न पाहिलेल्या चिमणीतून सेकंदाला किती किलो वायू सुटतो हे छातीठोकपणे सांगण्याची तयारी लागते. पहिल्या दोन गोष्टी विकत मिळतात. तिसरी सरावाने येते.

कारखान्याच्या आवारात पाऊल ठेवावं लागत नाही, हे या विद्येचं मोठं आकर्षण. गेटवरच्या वहीत नाव, गाव, वेळ लिहायला नको. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे ऐकत बाकड्यावर बसायला नको. पाहणीच्या दिवशी नेमकं सगळं आलबेल कसं असतं याचं नवल करायला नको. पाहणी ८२४ किलोमीटर उंचीवरून होते आणि आधी कळवली जात नाही. तसं म्हटलं तर रोजचीच कळवलेली असते, दुपारी साधारण दीड वाजता. पण त्या दीडकडे नंतर येऊ.

उपकरण कोणतं घ्यावं

नवशिक्याने ट्रोपोमी घ्यावं. युरोपच्या सेंटिनेल-५पी या उपग्रहावर बसून ते १३ ऑक्टोबर २०१७ रोजी वर गेलं. २,६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा ते एका दमात पाहतं, त्यामुळे पृथ्वीवरचं जवळपास प्रत्येक ठिकाण दिवसातून एकदा त्याच्या नजरेखालून जातं. त्याचा सगळ्यात बारीक चौकोन आधी ७ बाय ३.५ किलोमीटरचा होता, ऑगस्ट २०१९पासून ५.५ बाय ३.५ झाला. त्याच्या आधीचं ओमी २००४मध्ये गेलं. ओमीचा चौकोन चांगल्यात चांगला २४ बाय १३ किलोमीटरचा, आणि २००७पासून त्याच्या नजरेचा काही भाग अडलेला. तरी ओमीला नावं ठेवू नयेत. त्याच्या जुन्या नोंदींशिवाय 'पूर्वीपेक्षा वाढलं' हे वाक्य लिहिता येत नाही, आणि या क्षेत्रातलं दर दुसरं वाक्य तेच असतं.

नोंदी फुकट मिळतात. फुकट म्हटल्यावर मनात येतो तो संशय इथेही रास्त आहे. फाइल उघडली की आकडे दिसतात आणि नवशिक्याला वाटतं, हेच उत्सर्जन. ते उत्सर्जन नव्हे.

उपकरण बघतं ते जमिनीवरून आणि हवेतून परत फिरलेलं ऊन. त्यातले ४०५ ते ४६५ नॅनोमीटरच्या दरम्यानचे निळे-जांभळे रंग नायट्रोजन डायऑक्साइड आपल्या ठरलेल्या पद्धतीने खातो. किती खाल्ले यावरून, सूर्यापासून उपकरणापर्यंतच्या तिरप्या वाटेत त्याचे किती रेणू होते हे निघतं. त्यातून वर स्थितांबरात असलेला वाटा वजा करायचा आणि मग तिरप्या वाटेचा हिशेब उभ्या खांबाचा करायचा. त्यासाठी एक गुणक लागतो. तो काढायला वायू कुठल्या उंचीवर किती आहे हे आधीच माहीत असावं लागतं. आधीच माहीत असतं तर उपग्रह कशाला सोडला असता, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही योग्य क्षेत्रात आला आहात.

हे 'आधीच' एका जागतिक संगणकीय प्रारूपातून उसनं घेतलेलं असतं. त्या प्रारूपाचा एक चौकोन एक अंश अक्षांश बाय एक अंश रेखांश, म्हणजे जवळपास शंभर किलोमीटरचा. चिमणी, जंगल, भातशेती आणि जलाशय यांची त्यात सरासरी झालेली असते. परिणामी नेमक्या चिमणीच्या आसपासचा आकडा कमी निघतो. मुरलेले लोक इथे बारीक प्रारूप वापरून गुणक स्वतः काढतात. नवशिक्याने निदान तो कुठून आला ते वाचावं. बहुतेक जण तेही वाचत नाहीत.

एवढं करून हातात उरतो तो हवेच्या खांबातला साठा. साठ्यावरून आवक काढायची तर तो किती वेळात जमला हे कळायला हवं. पुढची सगळी यातायात त्या वेळेसाठी आहे, आणि उपग्रह वेळेबद्दल अवाक्षर काढत नाही.

जागा

पहिला सराव रियाधवर करावा. सगळे तिथेच करतात. वाळवंट, ढग क्वचित, जमीन उजळ आणि आसपास दुसरं मोठं शहर नाही. माइन्झच्या माक्स प्लांक रसायन संस्थेतले स्टेफेन बायर्ले आणि त्यांचे सहकारी यांनी २०११मध्ये याच शहरावर दाखवून दिलं की वाऱ्याच्या दिशेप्रमाणे दिवस वेगवेगळे काढले, तर धुराची शेपटी किती लांबपर्यंत टिकते यावरून वायूचं आयुष्यसुद्धा काढता येतं. २०१९मध्ये त्यांनी ट्रोपोमीच्या नोंदी घेऊन त्याच रियाधभोवतीची मोठी वीजकेंद्रं शहराच्या धुरातून वेगळी काढून दाखवली. रियाध जमलं की आत्मविश्वास वाढतो. तो उतरवायला आपल्याकडे सिंगरौली आहे.

रिहंद धरणाचा गोविंद वल्लभ पंत सागर, त्याच्या काठाने दगडी कोळशाच्या खाणी आणि खाणींच्या तोंडाशी औष्णिक वीजकेंद्रं. विंध्याचल ४,७६० मेगावॉटचं, देशातलं सगळ्यात मोठं. सासन ३,९६०, रिहंद ३,०००, अनपरा २,६३०, सिंगरौली २,०००. आपलं चंद्रपूर २,९२० मेगावॉटचं आहे म्हणजे अंदाज येईल. यात सिंगरौली नावाचं केंद्र सिंगरौली जिल्ह्यात नाही. ते शक्तिनगरला, उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात आहे. सिंगरौली जिल्हा मध्य प्रदेशात आहे आणि विंध्याचल त्या जिल्ह्यात. दोहोंमधलं अंतर जेमतेम चारेक किलोमीटर. तुमच्या चौकोनाची लांबी ५.५ किलोमीटर. म्हणजे एकाच चौकोनात दोन वीजकेंद्रं, दोन राज्यं आणि दोन प्रदूषण नियंत्रण मंडळं मावू शकतात, आणि आकडा एकच येतो. बाकीची केंद्रं दहा-पंधरा किलोमीटरांच्या टप्प्यात बसली आहेत. एकाचा धूर दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो आणि त्याचाही घेऊन पुढे जातो.

एक सोय मात्र आहे. भारतीय प्रमाणवेळेची ८२.५ अंशांची रेखा या भागाच्या अगदी शेजारून जाते, त्यामुळे सूर्याचे दीड आणि घड्याळाचे दीड इथे जुळतात. मुंबईत सूर्याचे दीड होतात तेव्हा घड्याळात दोन वाजून गेलेले असतात.

आता तो दीड. उपग्रह बघतो तो रोजचा एक क्षण. अहवालात लिहायचं असतं ते वर्षाचं उत्सर्जन. मधली दरी नवशिका चोवीसने आणि तीनशे पासष्टने गुणून भरतो. पण भर दुपारी देशात सौर वीज भरपूर असते, म्हणून कोळशाच्या केंद्रांना तेव्हा भार कमी करायला सांगतात आणि सूर्य कलला की पुन्हा वाढवायला सांगतात. खाणीच्या तोंडची स्वस्त वीज त्यात कमी झुकते, पण झुकते. दुपारी दीडला पाहिलेली चिमणी ही संध्याकाळी साडेसातच्या चिमणीपेक्षा सभ्य असण्याची शक्यता आहे. शिवाय जून ते सप्टेंबर ढग. नायट्रोजन डायऑक्साइडच्या प्रत्येक नोंदीला ० ते १ मध्ये गुण दिलेले असतात आणि ०.७५च्या खालच्या टाकून द्यायच्या असतात. पावसाळ्यात बऱ्याच नोंदी यातच जातात. मग ज्याला आपण वार्षिक सरासरी म्हणतो ती प्रत्यक्षात स्वच्छ आकाशाच्या महिन्यांतल्या दुपारची सरासरी असते. कपाळावर आठ्या न आणता तिला 'वार्षिक' लिहिता आलं की पहिली परीक्षा पास.

वारा आणि आयुष्य

इथे कागद-पेन्सिल घ्यावी. पुढचे आकडे हिशेबापुरते घेतलेले आहेत, कुठल्याही केंद्राचे नाहीत.

समजा वारा सेकंदाला ५ मीटर आहे. चिमणीपासून ५० किलोमीटरांवर वाऱ्याला आडवी रेघ मारली. तिथे धुराची रुंदी २० किलोमीटर, आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्तीचा सरासरी साठा दर चौरस सेंटिमीटरला पाचावर पंधरा शून्यं इतके रेणू. साठा गुणिले रुंदी गुणिले वारा. रेघ ओलांडून सेकंदाला ८.३ मोल, म्हणजे सुमारे ३८० ग्रॅम नायट्रोजन डायऑक्साइड जातोय. पण चिमणीतून बाहेर पडतो तो बहुतेक नायट्रिक ऑक्साइड, जो ट्रोपोमीला दिसत नाही. ओझोनशी गाठ पडली की त्याचा डायऑक्साइड होतो, आणि ऊन त्यातला थोडा पुन्हा उलटा फिरवतं. दुपारच्या उन्हात दोन्ही मिळून, ज्याला नॉक्स म्हणतात तो, साधारण १.३२ पट धरायची रीत आहे. झाले ५०० ग्रॅम.

आता वाटेत किती मेला? ५० किलोमीटर यायला या वाऱ्याला पावणेतीन तास लागले. आयुष्य चार तासांचं धरलं तर निम्मा वाटेतच संपला, म्हणजे चिमणीतून सेकंदाला १ किलो सुटत होता. आयुष्य दोन तासांचं धरलं तर जेमतेम पाव हिस्सा पोचला, म्हणजे चिमणीतून २ किलो सुटत होता.

अभिनंदन. उपग्रह तोच, दुपार तीच, साठा तोच, आणि तुम्ही बसल्या जागी उत्सर्जन दुप्पट केलंत. हे आयुष्य उन्हावर, हवेतल्या बाष्पावर, ओझोनवर, खुद्द नॉक्सच्या प्रमाणावर अवलंबून असतं. उन्हाळ्यात कमी, हिवाळ्यात जास्त. चार तासांचा आकडा रियाधवर काढलेला आहे आणि तिथून तो जगभर फिरतो. शोधनिबंधांतून 'आयुष्य चार तास धरलं' हे वाक्य वाचलं की त्या चार तासांना कुठला पत्ता आहे हे विचारायची सवय लावावी.

वाऱ्याची गंमत आणखी वेगळी. वरच्याच हिशेबात, चार तासांचं आयुष्य धरून, वारा ५ ऐवजी ४ घ्या. उत्तर येतं ९६० ग्रॅम, जवळपास तेवढंच. रेघ ओलांडणारा माल कमी झाला, पण प्रवास लांबल्याने वाटेत मेलेला वाढला, आणि दोन्हींनी एकमेकांना झाकलं. नवशिका इथे खूश होऊन चहा घ्यायला जातो. परत आल्यावर त्याने रेघ ५० ऐवजी १० किलोमीटरांवर मारून पाहावी. तिथे वाटेत मरायला वेळच नसतो, त्यामुळे वाऱ्याची चूक जवळपास जशीच्या तशी उत्तरात उतरते. बरं, जवळ गेलं की आणखी एक भानगड असते. ताज्या धुरात ओझोन संपलेला असतो, डायऑक्साइड पुरता तयार झालेला नसतो, आणि तो १.३२ तिथे लागू पडत नाही. चिमणीच्या अगदी माथ्यावर उपग्रहाला म्हणूनच अपेक्षेपेक्षा कमी दिसतं. जवळ गेलं तर रसायन बसलेलं नसतं, लांब गेलं तर आयुष्य आडवं येतं. मधलं अंतर निवडायचं आणि ते का निवडलं याचं कारण मागाहून शोधायचं.

वारा युरोपच्या इराफाइव्ह या नोंदसंग्रहातून तासागणिक मिळतो, तोही फुकट. १० मीटर उंचीचा घेऊ नका. आपल्याकडे ५०० मेगावॉट आणि त्यावरच्या युनिटांना सहसा २७५ मीटरची चिमणी असते आणि गरम धूर तिथूनही वर चढतो. १० मीटरवरचा वारा वाळत घातलेल्या कपड्यांचा अंदाज घ्यायला ठीक.

कंडक्टरची रीत

वर सांगितलेली आडव्या रेघेची रीत एकट्या चिमणीला चालते. सिंगरौलीसारख्या गर्दीत बायर्ले यांची २०१९ची रीत वापरावी. तिचं तत्त्व एसटीच्या कंडक्टरला शिकवायला नको. थांब्याआधी गाडीत किती, थांब्यानंतर किती. वाढले तेवढे इथे चढले. इथे गाडी म्हणजे वारा. प्रत्येक चौकोनात वाऱ्याबरोबर किती वायू आला आणि किती बाहेर गेला याची वजाबाकी करायची. जास्त गेला असेल तर या चौकोनात कोणीतरी चढलं. शेकडो दिवसांच्या अशा वजाबाक्यांची सरासरी काढली की नकाशावर पसरलेला धूर आक्रसतो आणि चिमण्यांच्या जागी ठिपके उभे राहतात. वाटेत मेलेल्या रेणूंची भर वेगळी घालावी लागते, पण चिमणीपाशी चढणाऱ्यांच्या मानाने ती लहान असते. म्हणून आयुष्याच्या अंदाजातली चूक या रीतीत पुष्कळ कमी नडते. मला ही रीत मनापासून आवडते. इतक्या साध्या वजाबाकीने इतका स्वच्छ नकाशा निघतो, हे पहिल्यांदा पाहताना खोटं वाटतं.

काही वेळा ते खोटंच असतं. वजाबाकीत गोंगाट वाढतो, आणि डोंगराळ भागात प्रारूपातला वारा आणि खरा वारा यांची गाठ पडत नाही. मग उतारावर, जिथे झाडांशिवाय काही नाही, तिथे एक झकास कारखाना उगवतो आणि शेजारी तितकाच मोठा उणे कारखाना. उणे कारखाना दिसला की आनंद मानावा. तो आपली चूक प्रामाणिकपणे सांगतोय. फक्त अधिकचे ठिपके लाल रंगात दाखवणारी रंगपट्टी निवडून उणे ठिपके पांढरे करण्याची युक्ती प्रचलित आहे. ती इथे शिकवली जाणार नाही.

गंधक

नॉक्सचं जमलं की सल्फर डायऑक्साइडकडे वळायचं, आणि इथे विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. हा वायू ३१२ ते ३२६ नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात शोधतात. तिथे ओझोनही प्रकाश खातो, त्यामुळे खूण अंधूक. एका दिवसाच्या नोंदीत बहुतेक केंद्रं दिसतच नाहीत. मग कॅनडाच्या पर्यावरण खात्यातल्या विताली फियोलेतोव्ह यांच्या रीतीने, स्रोताभोवती प्रत्येक दिवसाचा नकाशा असा फिरवायचा की वारा नेहमी एकाच दिशेने वाहील, आणि वर्षांचे दिवस एकावर एक रचायचे. या मार्गाने ओमीच्या नोंदींतून, ज्वालामुखी धरून, जगभरातले जवळपास पाचशे स्रोत सापडले. २०१६मध्ये त्याच गटातल्या ख्रिस मॅक्लिंडेन यांनी दाखवलं की त्यातल्या जवळपास चाळीस स्रोतांचा उत्सर्जनाच्या प्रमुख याद्यांत पत्ताच नव्हता. एक तृतीयांशाहून जास्त इराणच्या आखाताभोवती होते. ज्या चिमण्या कागदावर नव्हत्या त्या आकाशातून दिसल्या.

आपल्याकडचं उदाहरण जास्त बोचरं आहे. झिफेंग लू आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये भारतातल्या कोळशाच्या वीजकेंद्रांचा २००५ ते २०१२ या काळाचा हिशेब मांडला. युनिटागणिक कोळसा मोजून काढलेलं सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन ७१ टक्क्यांनी वाढलेलं होतं, आणि ओमीला वीजकेंद्रांच्या परिसरात दिसलेला वायूही ६० टक्क्यांहून जास्त वाढलेला होता. सरकारी मोजणीची देशाची सरासरी याच काळात घटत होती. मोजणी यंत्रं जिथे लावली होती तिथे खरोखर घट असेलही. पण वाढ चिमण्यांपाशी होती.

म्हणूनच, वर दोन किलो आणि एक किलोचा खेळ करून दाखवला तरी, ही विद्या टाकाऊ समजू नये. आयुष्य, वारा, गुणक यांतल्या चुकांचा बराच भाग दरवर्षी सारखाच असतो. त्यामुळे एका वर्षाचा आकडा डळमळीत असला तरी दहा वर्षांचा चढ-उतार बऱ्यापैकी पक्का असतो. आणि कागदावर काहीच नसताना आकाशातून काहीतरी दिसतंय, हे सांगायला तर आकडाही लागत नाही. माझ्या मते या क्षेत्राने दशांशचिन्हापुढचे अंक थोडे कमी लिहावेत आणि नकाशावरच्या नव्या ठिपक्यांबद्दल थोडं जास्त बोलावं.

भारतात चिमणीतल्या सल्फर डायऑक्साइडसाठी मर्यादा डिसेंबर २०१५मध्ये आल्या, पाळायला दोन वर्षं दिली, मग मुदत वाढत गेली, आणि जुलै २०२५मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली. या मर्यादा दर घनमीटर धुरात किती मिलिग्रॅम अशा असतात. उपग्रह तसं काही सांगत नाही. तो किलो सांगतो, तेही तुमच्या मदतीने. म्हणून 'उपग्रहाने मर्यादाभंग पकडला' असं वाक्य चुकूनही लिहू नका. धुराचं आकारमान हाती नसेल तर तुमचा आकडा आणि त्यांची मर्यादा यांची तुलना होऊच शकत नाही, आणि समोरच्या वकिलाला हे ठाऊक असतं.

अहवाल गेल्यानंतर

फोन येतो. पलीकडचे गृहस्थ अतिशय नम्र असतात. "सर, तुम्ही नकाशात दाखवलेल्या तारखेला आमचं एक युनिट बंद होतं. आपण एकदा तपासून बघाल का?"

तपासावं. केंद्रीय विद्युत प्राधिकरण कुठल्या केंद्राने कुठल्या दिवशी किती वीज काढली याचा रोजचा अहवाल प्रसिद्ध करतं आणि तो कोणालाही पाहता येतो. खरं सांगायचं तर अहवाल पाठवण्याआधीच पाहायचा असतो. युनिट चालू होतं असं निघालं तर नम्रपणे तो आकडा कळवावा. खरंच बंद होतं असं निघालं तर घाबरून जाऊ नये. चार किलोमीटरांवरच्या शेजाऱ्याचा त्याच दिवसाचा आकडा पाहावा, धूर बहुधा त्याचा. शेजाऱ्याचंही उत्पादन कमी होतं असं निघालं तर वाऱ्याची फाइल पुन्हा उघडावी. तिच्यातली वेळ ग्रिनिचची असते. तुम्ही दुपारी दीडचा वारा म्हणून घेतलात तो बहुतेक संध्याकाळी सातचा आहे.